काकांच्या आडनावाचा नंबर

"तुझं आडनाव लोकांच्या फोनवर दिसायला लागलं, तर आम्ही चार घरांत काय उत्तर द्यायचं?"

मी ज्यांच्याकडे कामाला जायचे, त्या काकूंनी हे मला भर हॉलमध्ये विचारलं. सोफ्यावर त्यांच्या विहीणबाई बसल्या होत्या. काका टीव्ही बघत होते. मी दाराशी उभी. त्या घरात सकाळीच मी विहीणबाईंच्या नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. माझ्या हातांना अजून तेलाचा वास येत होता.

विहीणबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या सुनेला हळूच म्हणाल्या, "बाळाला आत ने."

ती काकूंची लेक. तिची दोन्ही बाळंतपणं मी काढली. तिचं अंग मी रगडलं, ती रडायची तेव्हा मी धीर दिला. तिने बाळ उचललं आणि खाली मान घालून आत गेली.

मी बाळ-बाळंतिणीला मालीश करते. इंदिरानगरात माझी पुष्कळ घरं होती. या कामाला पाटी लावत नाहीत. एक बाळंतीण दुसरीला नंबर देते, ती तिसरीला. नंबर हेच माझं दुकान.

तो नंबर मला काकांनी दिला होता. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात माझा फोन सारखा बंद पडायचा. काका म्हणाले, "आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक जागा मोकळी आहे. तू काय, घरातलीच." माझ्या वाट्याचे पैसे पगारातून कापत होते, तरी मला भरून आलं. वस्तीत मी मिरवलं. सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या फॅमिलीत घेतलंय मला. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

यंदा आम्ही खोली बदलली. नव्या खोलीत त्या कंपनीची रेंजच नाही. लोक फोन लावून लावून कंटाळायचे आणि दुसरी बाई बघायचे. म्हणून मी मोबाइलच्या दुकानात गेले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, एवढं मला माहीत होतं.

काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ खटपट केली. मग म्हणाली, "ताई, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये. ह्यांच्या प्लॅनचा वर्षाचा करार आहे, त्यात अडकलाय. आधी त्यांनी तुमच्या नावावर करून द्यायचा, मग कंपनी बदला."

मला पटेना. तिने माझ्या फोनवरून स्वतःच्या फोनवर रिंग दिली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. काकांचं पूर्ण नाव. आडनावासकट.

"तुम्ही कोणालाही फोन केला ना, हेच दिसतं," ती म्हणाली.

मला आधी हसू आलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि एकेक घर आठवायला लागले. बाळंतिणींच्या आया विचारायच्या, "तुम्ही त्यांच्या गावाकडच्या ना?" मला वाटायचं, काकूंचं गाव आमच्या लासलगावच्या बाजूलाच, म्हणून विचारत असतील. मी हो म्हणायचे. त्या मला देवघरावरून सरळ आत न्यायच्या. स्वयंपाकघरात बसवून चहा द्यायच्या. कपसुद्धा घरातलाच. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, शहरातली माणसं सुधारली हो.

तशीच उठून मी काकूंकडे गेले. मनात अजून आशा होती की त्यांना हे माहीतच नसेल. म्हटलं, नंबर माझ्या नावावर करून द्या. तेव्हा काकूंनी भर हॉलमध्ये तो प्रश्न विचारला.

काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "करार संपू दे. मग बघू."

काकू माझ्याजवळ आल्या, आवाज खाली आणला. "अगं, मी सगळ्यांना सांगितलंय, आमच्या गावाकडची आहे, आपल्यातलीच आहे. म्हणून तर घरं मिळाली तुला. तुझ्या भल्यासाठीच केलं ना? आता ते कशाला उकरून काढतेस?"

"काकू, मी कवा सांगितलं व्हतं तुम्हाला असं सांगायला?"

"लोक विचारतातच गं. बाळाला हात लावणार म्हटल्यावर विचारणारच."

म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भिंतीवर बाबासाहेब आहेत, हे त्यांनी माझ्या घरी येऊन, माझ्या हातचं पाणी न पिता बघितलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तहान नाही गं. आणि मी विश्वास ठेवला होता. मला न विचारता त्यांनी माझी जात बदलली, आणि वर त्याला उपकार म्हणत होत्या. काका घरातलीच म्हणाले होते, ते हे. माझ्या बापाने आयुष्यभर हमाली केली, पण कोणी नाव विचारलं की मोठ्याने सांगायचा. त्याच्या लेकीचं नाव या बाईने गिळलं होतं आणि ढेकरही दिला नव्हता.

मी पदराची पिन काढली. ती टोचून फोनमधून सिम बाहेर काढलं आणि टीपॉयवर ठेवलं.

"वेडी झालीस का?" काकू म्हणाल्या. "सगळी कामं जातील तुझी."

"जाऊ द्या. खोट्या नावानं आलेली व्हती, खऱ्या नावानं जातील."

"एवढं काय झालं तुला? आम्ही कधी तुला परकं मानलं का?"

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी चपला घातल्या.

त्याच दुकानात दुसऱ्या दिवशी माझ्या नावाचं सिम घेतलं. मग जुन्या घरांत स्वतः जाऊन नंबर देत फिरले, सोबत आडनावही सांगितलं. दोन घरांनी काम चालू ठेवलं. बाकीच्यांनी दारातूनच सांगितलं, "आमची सोय झालीये." एका घरात तर ज्या बाळंतिणीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं होतं, तिनेच दार लावलं. काकूंनी तो जुना नंबर आता दुसऱ्या बाईला दिलाय, असं ऐकते. ती खरोखरच त्यांच्यातली आहे म्हणे. माझी मेहनत तिच्या हातात वाजते.

घरात ओढाताण आहे. नवरा म्हणतो, गप्प बसली असतीस तर चाललं असतं. चाललंच असतं. तसंच तर चाललं होतं इतकी वर्षं.

आता कोणाचाही फोन आला की मी मालीशच्या दराच्या आधी माझं नाव सांगते. पूर्ण, आडनावासकट. आणि विचारते, येऊ का? समोरची बाई घुटमळली की मीच फोन ठेवते. माझं नाव ज्या घराला चालत नाही, त्या घरचं बाळ मी पायांवर घेणार नाही. चूल थंड राहिली तरी नाही.