तळघरातला नैवेद्य

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी शहरातल्या उंदरांचं रक्त तपासायची. कुणी पाहुण्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं, की नवरा 'रिसर्च' म्हणून वेळ मारून न्यायचा. आम्ही उंदरांमधले विषाणू शोधत होतो, आणि ते सापडायला फार कष्ट पडत नव्हते. एका गल्लीतले उंदीर स्वच्छ निघायचे, तर पुढच्याच गल्लीतल्या बहुतेकांच्या रक्तात विषाणूची खूण असायची. उंदीर मात्र ठणठणीत. कित्येकांना तो आईच्या पोटातच मिळालेला असायचा. जन्मभर ते तो बाळगायचे आणि लघवीतून, लेंड्यांतून पसरवायचे. माणसाला त्याने बहुतेक वेळा नुसता ताप येतो. पण गरोदरपणात लागण झाली, तर बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून मला दिवस गेल्याचं कळताच आमच्या साहेबांनी मला उंदरांपासून उचलून टायपिंगला बसवलं.

बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून आल्या. येताना साडीत गुंडाळून गणपतीची मूर्ती आणली. वर जागा नव्हती, म्हणून गणपती तळघरात बसवला. दुसऱ्याच दिवशी मखरामागून एक उंदीर पळाला. मी नवऱ्याला ट्रॅप आणायला सांगितला.

"अगं, गणपतीत उंदीर मारतात का? वाहन ना ते त्याचं!" सासूबाई म्हणाल्या, आणि कोपऱ्यात त्याच्यासाठीही एक मोदक ठेवला.

माझा पारा चढला. "आई, यांच्यात व्हायरस असतात. मी लॅबमध्ये रोज तेच बघत होते."

"आजारी असता तर इतका पळाला असता का?"

तो धडधाकट होता, हीच तर माझी भीती होती. सासूबाईंना ते कसं पटवून द्यायचं, मला कळेना. मी तळघरात जायचंच सोडलं. आरतीलाही जिन्यावर उभी राहायची.

विसर्जन झालं आणि ट्रॅप लागले. सापडलेला उंदीर साहेबांनी तपासला. त्याच्यात विषाणू होता. त्याच आठवड्यात सासूबाई तापाने फणफणल्या. डोकं इतकं दुखायचं, की उजेड सहन होईना. डॉक्टरांनी आम्हा दोघींचं रक्त घेतलं. त्यांच्यात तो निघाला. माझं रक्त स्वच्छ होतं, पुन्हा तपासलं तेव्हाही. मी हमसून हमसून रडले. त्या पलीकडे तापात पडलेल्या असताना मला इतका आनंद व्हावा, याचं मलाच कसंतरी वाटलं.

ताप उतरल्यावर मी विचारलं, "आई, त्या उंदराला हात लावला होतात का?"

"छे गं. पण लेंड्या पडायच्या ना सगळीकडे. तू म्हणाली होतीस, त्यांच्यात काहीतरी असतं. म्हणून तू उठायच्या आत रोज सगळं झाडून काढायचे. धूळ उडायची, नाकातोंडात जायची. म्हटलं, माझ्या जाऊ दे."