ब्रेकला पाजलेलं तेल

ब्रेकला तेल पाजणारी बाई मी आहे. एका नव्हे, दोन्ही चाकांच्या ब्रेकला, आणि तेही हळदीकुंकू वाहून.

आठ वर्षं झाली त्याला. मी तेव्हा अठ्ठावन्नची होते, म्हणजे अक्कल यायला वय पुरेसं झालं होतं, ती आली नव्हती एवढंच. शाळेतून निवृत्त झाले होते, दरडावायला समोर पोरं उरली नव्हती, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून घरातली यंत्रं दुरुस्त करत सुटले होते. मिक्सर दुरुस्त केला, तो भंगारात गेला. इस्त्री दुरुस्त केली, तीही त्याच्या मागं गेली. मग स्कूटीची पाळी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुसून, तेलाचं बोट फिरवून पूजेला मांडतात. विळी, अडकित्ता, कात्री, शिलाई मशीन. त्या वर्षी स्कूटीही धुऊन अंगणात उभी केली. तिचा ब्रेक महिनाभर कुरकुरत होता. शहागंजातल्या मिस्त्रीकडं पंधरा दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंगला टाकली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, पडेगावच्या रोडची धूळ बसली की वाजतंय. वाजू द्या. ब्रेक लई झ्याक धरतो." वीस वर्षं तो आमच्या गाड्या बघत होता. पण मला व्हिडिओ बघून वीस दिवस झाले होते, त्यामुळं माझा अधिकार मोठा होता.

शिलाई मशीनच्या तेलाची लांब चोचीची बाटली घेतली आणि चाकाच्या मधल्या फटीतून ओतत राहिले. एका वेळेस चार-पाच थेंब. कुरकुर थांबेपर्यंत. मग मागच्या चाकाला, पंगतीत वाढावं तसं.

आमचे हे ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, ब्रेकला तेल घालतात का?"

"तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही. तुम्ही पेपर वाचा."

त्यांनी पेपर वाचला. मी स्कूटीला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

दसऱ्याला सकाळी आणखी झेंडू आणायला गुलमंडीवर गेले. रस्ता मोकळा होता, वाटेत ब्रेक दाबायची वेळच आली नाही. फुलांच्या ढिगाऱ्याजवळ दोन्ही ब्रेक दाबले. स्कूटीनं ते मनावर घेतलं नाही. ती शांतपणे, अजिबात न कुरकुरता, ढिगाऱ्यात शिरली. ढिगाऱ्यामागं एक म्हातारी फुलवाली पाय पसरून बसली होती. तिनं पाय ओढून घेतला, नाहीतर चाक त्याच्यावरून जात होतं. गुडघ्याएवढ्या झेंडूत मी उभी.

ती म्हणाली, "डोळे घरी ठिवून आलीस व्हय गं?"

"माझे डोळे चांगले आहेत. मिस्त्रीनं ब्रेक बिघडवून दिलाय."

हे बोलताना ती चोचीची बाटली एकदा डोळ्यांसमोर येऊन गेली. मी ती आठवण परत आत ढकलली. चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढलेल्या बाईला स्वतःची चूक ओळखण्याचा सराव नव्हता.

स्कूटी ढकलत शहागंजात गेले. मिस्त्रीच्या दुकानात पूजा चालली होती. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, पंप, सगळी हत्यारं लाल फडक्यावर ओळीनं मांडलेली. बायको आरतीचं ताट धरून उभी, आणि पाच-सहा गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांना हार घालून घ्यायला थांबलेली. मला याहून चांगला दिवस सापडला नसता.

"तुझ्यामुळं आज एका म्हातारीचा पाय मोडला असता," मी दारातूनच म्हणाले. "ब्रेक लागत नाही. काय केलंस तू सर्व्हिसिंगला? नुसती पुसून दिलीस?"

त्यानं ब्रेक दाबून बघितला. वाकून चाकाजवळ नाक नेलं. माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "ताई, आज हत्यारं पूजेला बसलीत. दसरा झाल्याबिगर मी पाना उचलत नाय. गाडी ठिवून जा, उद्या तुमच्या देखत खोलून दावतो."

"हे बरंय. चूक करायची आणि देवाच्या मागं लपायचं."

त्याची बायको ताट घेऊन आत गेली. एक गिऱ्हाईक आपल्या गाडीच्या ब्रेकला हात लावून बघू लागलं. ते बघून मला फार बरं वाटलं. वर्गात एकाला उठाबशा काढायला लावल्या की बाकीचे चाळीस सरळ बसायचे, त्याच जातीचं ते बरं वाटणं होतं.

गाडी तशीच ढकलत घरी आणली आणि कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, "भगिनींनो, शहागंजच्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नये. ब्रेक खराब करून देतो. मी थोडक्यात वाचले." त्या ग्रुपमधल्या सगळ्या जणी माझ्याच सांगण्यावरून त्याच्याकडं जात होत्या. फुलवालीच्या पायाचं मी लिहिलं नाही. थोडक्यात बचावलेली मीच असायला हवी होते.

दुसऱ्या दिवशी मी पुढचं चाक स्वतः उघडलं. खोटं कशाला सांगू, त्याची चूक पुराव्यासकट पकडायची होती. झाकण निघालं आणि आतून तेल ठिबकलं. मशीनच्या तेलाचा वास लपत नाही. मी ते फडक्यानं पुसलं आणि फडकं चुलीत घातलं.

मग तोच व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. आधी मी अर्धाच बघितला होता, कारण सांगणारा हळू बोलत होता. शेवटी तो म्हणतो की ब्रेकला तेलाचा हातसुद्धा लावू नका. मग मी चाकाला आतून धरणारे ब्रेक-शू पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले, उन्हात वाळवले. मागच्या चाकासाठी सायलेन्सर काढावा लागला, त्यात दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी ब्रेक पक्का लागला, आणि कुरकुरलाही. ह्यांनी विचारलं, "मिस्त्रीला सांगितलंस का?"

"काय सांगायचंय? झालं की ठीक."

गाडी ठीक झाली, म्हणून गोष्ट मिटली असं मी धरून चालले. दहा दिवस. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शहागंजातून जात होते. त्या दिवसांत मिस्त्री लोकांना जेवायला फुरसत नसते. हा दुकानाच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. समोर एकही गाडी नव्हती. मी मान वळवून पुढं निघून गेले. चौकातून परत फिरायला मला चार दिवस लागले.

आधी ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदा "काही गैरसमजामुळे" असं लिहिलं, मग ते पुसलं, आणि लिहिलं, "ब्रेकमध्ये तेल मी घातलं होतं. मिस्त्रीची काही चूक नाही. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं." बायकांनी हसरे चेहरे पाठवले. एकीनं लिहिलं, "मॅडम पण ना." पण "मी दुसरा मिस्त्री बघितलाय, आता तोच बरा पडतो," असंही तिघींनी लिहिलं.

स्कूटी घेऊन दुकानात गेले. सगळं सांगितलं, ग्रुपवर लिहिलेलं दाखवायला मोबाईल पुढं केला. त्यानं तो हातात घेतला नाही.

"मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "वासावरनंच कळलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुमी मास्तरीणबाई. लोकांनी कुणाचं ऐकलं असतं?"

मी म्हणाले, मी इथंच थांबते, तेव्हा म्हणाला होतास तशी माझ्यासमोर गाडी खोल, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी स्वतः सांगते की चूक माझी होती. त्यानं पाना घेतला, चाकापाशी बसला. थोड्या वेळानं पाना खाली ठेवला आणि वर न बघता म्हणाला,

"ताई, गाडी ठिवा अन् रिक्षानं घरी जा. तुमी हितं उभ्या ऱ्हायल्या की माझा हात चालत नाय."