पाल चुकचुकत होती

आमच्या भावजींच्या हातून घरातली कोणती वस्तू कधी जाईल याचा नेम नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत होते, पण 'केरसुणी' हे नाव त्यांना तेव्हाच पडलेलं होतं. मी त्या नावाला हसले, तर सासूबाई म्हणाल्या, "हस बाई, पण तुझ्या चपला जपून ठेव म्हणजे झालं."

त्यांची पद्धत ठरलेली होती. कपाट उघडायचं, वस्तू हातात उंच धरायची आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "हे कुणाला हवंय का?" मग थोडं थांबायचं. कुणी बोललं नाही, की वस्तू गेली. एकदा रुमालात गुंडाळून ठेवलेली मामंजींची कवळी अशीच गेली. मामंजी जेवून झोपले होते. भावजी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी विचारलं होतं, बाबा."

"मेल्या," मामंजी बोळक्या तोंडाने ओरडले, "झोपलेला माणूस उत्तर कसा देईल?"

त्या प्रसंगावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. आता ती गोष्ट निघाली की भावजी उठून वर जातात.

ते कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी करतात. लग्न केलं नाही. आमच्या वरच्या खोलीत राहतात. एक टेबल, एक खुर्ची, एक पलंग, भिंतीला खिळासुद्धा नाही. सकाळी दुकानात जायच्या आधी ते आणखी एक काम करतात, फुकटचं. इंटरनेटवर एक प्रोग्रॅम आहे, तो कुणाच्याच मालकीचा नाही. जगातल्या कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारून परत ठेवावा. त्याचे राखणदार भावजी. त्यांच्या आधी मास्तर होते. मास्तरांनीच भावजींना हे काम शिकवलं आणि तो प्रोग्रॅमही पहिल्यांदा त्यांनीच लिहिला, आमचे हे जिथे कामाला आहेत त्या कोल्ड स्टोरेजसाठी. पुढे तो लांब लांब गेला. कुठे कुठे, ते मास्तरांनाही माहीत नव्हतं. मग मास्तर गेले आणि प्रोग्रॅम भावजींच्या गळ्यात आला.

कोल्ड स्टोरेजचं काम बाहेरून दिसतं तेवढं साधं नाही. बटाटे, सफरचंदं, गाजरं गार राहतात ती अमोनियाच्या जोरावर. नळांतून अमोनिया फिरतो. तो नळात आहे तोवर गुणी, बाहेर आला की जीव घेणारा. थोडा सुटला तर डोळे चुरचुरतात, जास्त सुटला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. आणि तिथे राबणाऱ्यांची नाकं वासाला इतकी सरावलेली असतात, की त्यांना उशिरा कळतं. म्हणून प्रत्येक खोलीत हवा तपासणारा एक डबा आणि एक भोंगा बसवलेला आहे, आणि या सगळ्यांच्या तारा दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत येतात. त्या पेटीत हा प्रोग्रॅम चालतो. सगळं ठीक असलं की पेटी मधूनमधून बारीक आवाज करते, चुक, चुक. म्हणून कामगार तिला पाल म्हणतात. पालीचं चुकचुकणं ऐकलं की लोक दचकतात, आमच्या ह्यांना मात्र त्या आवाजाने धीर यायचा. भोंगा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्या दिवसांत भावजींनी प्रोग्रॅम साफ करायला काढला. जेवताना दुसरा विषय नाही. "वहिनी, निम्मा कोड मेलेला आहे. कुणी वापरत नाही, तरी पडून आहे. नवीन माणूस वाचायला बसला तर त्याच्यातच गुरफटतो."

"मेलेला म्हणू नका," मी म्हटलं. "जेवताय."

"मग काय म्हणू? निवृत्त?"

"निवृत्त माणसं काही कमी उपद्रव करत नाहीत," हे म्हणाले, आणि दोघं भाऊ हसले.

मास्तरांची एक सवय होती. त्यांचं शिक्षण मराठीत झालेलं, त्यामुळे प्रोग्रॅमच्या तुकड्यांना ते मराठी नावं द्यायचे, फक्त इंग्रजी अक्षरांत. उघड, बंद, थांब, बघ. परदेशातली माणसं ते शब्द जसेच्या तसे वापरायची. त्यांना वाटायचं काहीतरी तांत्रिक असेल. भावजींना याचा मोठा अभिमान.

असाच एक तुकडा त्यांना सापडला. ते खाली आले ते हसतच. "दादा, मास्तरांनी तुमची पाल कोडात घातलीय! नावच दिलंय पाल म्हणून. आत दोनच ओळी आहेत, जुन्या पद्धतीच्या भोंग्याला वीज द्यायच्या. तेवढ्याने ती चुकचुकते. आता नव्या पेट्यांचे भोंगे वेगळे आहेत, हे कुणालाच लागत नाही."

"मग?"

"मग काढतो. तुमची पाल गप्प होईल."

"होऊ दे बाबा," हे म्हणाले. "डोकं उठवते."

म्हणाले खरं, पण लगेच विचारलं, "बाकी सगळं चालेल ना?"

"सगळं चालेल. नुसता आवाज जाईल."

तरी भावजींनी तो तुकडा लगेच काढला नाही, हे मला सांगायलाच हवं. जिथे तो प्रोग्रॅम ठेवलेला असतो तिथे त्यांनी पाटी लावल्यासारखं लिहिलं: हे कुणाला हवंय का? बरेच दिवस वाट पाहिली. उत्तर कुणाचंच आलं नाही. मग एका सकाळी त्यांनी तो तुकडा काढला, ज्या ज्या ठिकाणी त्याचं नाव होतं तिथून तेही पुसलं, आणि मला वर बोलावून दाखवलं. पडद्यावर लाल रंगाच्या ओळीच ओळी. "हे सगळं गेलं, बघा. कसं मोकळं वाटतंय." खोली मोकळीच होती. मी खाली आले आणि देवापुढे जरा वेळ बसले.

कोल्ड स्टोरेजमधली पेटी प्रोग्रॅमची नवी प्रत आपली आपण उतरवून घेते. तिनं ती घेतली असणार.

त्यानंतर ह्यांना खोकला लागला. गारठ्यातलं काम, खोकला काही नवीन नाही. पण हा कोरडा होता, आणि संध्याकाळी घरी येताना डोळे लाल. शर्ट भिजवायला घेतला की नाकात काहीतरी टोचायचं. मी म्हटलं, "वास येतोय."

"तो नेहमीच येतो."

"इतका नाही येत."

"तुझं नाक फार शहाणं आहे," हे म्हणाले. "मागच्या खोलीत बटाटा हलवतोय, तिथली हवा कोंदटच असते. काही असतं तर कळलं नसतं का?"

मी शर्ट पुन्हा पुन्हा पाण्यातून काढला. वास जाईना.

पुढच्या रविवारी भावजी दुपारी घरी होते. ह्यांना मात्र कामावर जावं लागलं होतं, ट्रक भरायचा होता. मी भावजींना जेवायला वाढलं. बोलता बोलता म्हटलं, "तुमच्या दादांचा खोकला काही हटत नाही. आणि ती तुमची पाल, ती गप्प होणार होती ना? काल मी डबा द्यायला गेले तर दारातच चुक चुक चाललेलं."

भावजींचा घास हातात राहिला.

"काल?"

"काल. का?"

"चुकचुकत होती?"

"अहो हो. काय झालं?"

ते ताटाकडे बघत राहिले. ओठ हलत होते. पाल, पाल, असं काहीतरी पुटपुटत होते. मग मान वर केली.

"वहिनी, चुकचुकतेय तर मग मी काढलं ते काय?"

मला काय ठाऊक!

"इंग्रजी अक्षरांत ळ नसतो," ते हळूच म्हणाले. "पी, ए, एल. मी पाल वाचलं. मास्तरांनी पाल नव्हतं लिहिलं. पळ लिहिलं होतं. पळ."

हात न धुता ते वर धावले, कॉम्प्युटर काखेत मारून तसेच खाली आले. मी ह्यांना फोन लावत होते. वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. आत जाताना सगळ्यांना फोन फाटकावर ठेवावे लागतात. मी स्कूटरवर मागे बसले, अंगावर घरातलेच कपडे. रस्त्याने भावजी एकदाच बोलले. "त्या दोन ओळींत नुसती भोंग्याला वीज द्यायची होती. कशासाठी, ते त्या तुकड्याबाहेर लिहिलेलं होतं, आणि चुकचुकणं तर दुसऱ्याच तुकड्यातलं. मी नाव वाचून ठरवलं."

मुकादम दारातच उभे होते. ट्रक मागे लावलेला, बटाट्यांची पोती चढत होती. "काय केरसुणी, आज इकडे झाडायला?"

"सगळ्यांना बाहेर काढा. दादा कुठेत?"

"मागच्या खोलीत. अहो पण झालं काय?"

"अमोनिया सुटला तर भोंगा वाजणार नाही. माझी चूक आहे. आधी बाहेर काढा."

मुकादमांनी पेटीकडे बोट दाखवलं. "ऐका जरा. चुकचुकतेय की नाही? ती चुकचुकतेय तोवर सगळं ठीक, हे आम्ही तुमच्या मास्तरांकडूनच शिकलो. ट्रक उभा आहे माझा."

भावजींनी वाद घातला नाही. खिडकीत काचा पुसायच्या अमोनियाच्या पाण्याची बाटली होती. त्यांनी फडकं त्यात बुडवलं आणि स्टुलावर चढून दाराजवळच्या हवा तपासायच्या डब्याला लावून धरलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मुकादमांनी नाकाला रुमाल लावला. आम्ही तिघंही वर भोंग्याकडे बघत होतो.

चुक, पेटी म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा, चुक. अगदी समाधानाने.

मुकादमांच्या तोंडावरचा रंग उडाला. फडकं त्यांनीच ओढून अंगणात लांब फेकलं आणि शिट्टी तोंडाला लावली. माणसं बाहेर येऊ लागली. कुणी वैतागलेलं, कुणी चेष्टा करत. मी एकेक तोंड बघत होते. हे त्यांच्यात नव्हते. मागच्या खोलीचं दार जाडजूड, आतून ओढून घेतलेलं. तिथवर शिट्टी जात नाही. मुकादम ओला रुमाल तोंडाला बांधून आत निघाले.

भावजी उलट्या पेटाऱ्यावर बसले होते, कॉम्प्युटर मांडीवर. त्यांच्या कामात एक बरं असतं. पुसलेलं खरोखर पुसलं जात नाही, मागे जाऊन परत आणता येतं. माणसांच्या कामात तशी सोय देवाने ठेवलेली नाही, एवढंच माझ्या मनात येत होतं. मी देवाचं नाव घेत उभी होते. भावजींची बोटं थांबत नव्हती. पेटीची तार त्यांनी कॉम्प्युटरला जोडली, एक कळ दाबली.

आणि भोंगे वाजले. दाराजवळचा एकच नाही, सगळ्या खोल्यांतले. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, दात हलतील असा.

"झालं, चालू झालं," मी ओरडले. "आता बंद करा!"

भावजी माझ्याकडे बघत होते. "मी नाही वाजवला," ते म्हणाले. "फडकं बाहेर आहे, वहिनी."

पेटीवरच्या दिव्यांत मागच्या खोलीचा दिवा लाल होता.

नंतर कळलं, तिथल्या एका व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं होतं. थोडाथोडा अमोनिया कितीतरी दिवस झिरपत होता, आणि त्या दुपारी ते पुरतं सुटलं. पण त्या घटकेला मला फक्त ते दार दिसत होतं. ते उघडलं आणि हे बाहेर आले, वाकून, भिंत धरत, मुकादम त्यांच्या काखेत हात घालून ओढत होते. मोकळ्या हवेत आल्यावर ते खाली बसले. बराच वेळ नुसते खोकत होते. आम्ही पाणी मारून मारून त्यांचे डोळे धुतले.

बोलता आलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, डोळे चुरचुरत होते तर बाहेर का नाही आलात?"

"येणार होतो," ते म्हणाले. आवाज चिरकलेला. "दार जरा उघडून कान दिला. पाल चुकचुकत होती. म्हणून थांबलो."

भावजी तिथून उठले आणि फाटकापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

ह्यांचा आवाज अजून पूर्वीसारखा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात होईल, वेळ लागेल. कामाला जातात. मागच्या खोलीत आता एकट्याला जाऊ देत नाहीत.

भावजींनी त्याच संध्याकाळी प्रोग्रॅम जिथे असतो तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं: नवी प्रत ताबडतोब घ्या, आधीच्या प्रतीत भोंगा वाजत नाही. आपली चूक लपवली नाही, नाव घालून लिहिली. त्या तुकड्याचं नावही बदललं. आता तिथे 'धाव' अशा अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द आहे, कुणालाही कळेल असा. पण सगळ्याच पेट्या आमच्या पेटीसारख्या प्रत आपली आपण घेत नाहीत. काही ठिकाणी माणूस मुद्दाम येऊन नवी प्रत घालतो, तीही कधीतरी, त्याला सवड होईल तेव्हा. मधल्या दिवसांत ती वाईट प्रत किती ठिकाणी गेली, ते मोजायची सोय मास्तरांनी ठेवली नव्हती.

रोज सकाळी मी चहा घेऊन वर जाते. भावजी पडद्यासमोर बसलेले असतात. खोलीत आता जुनी वर्तमानपत्रं साठलीत, एक तुटका पंखा आहे, फेकलेलं काही नाही.

"कुणी काही लिहिलं?" मी विचारते.

"नाही."

"वाचलं असेल त्यांनी. नुसतं कळवलं नसेल."

"तेव्हाही मी असंच समजलो होतो," ते म्हणतात.

मी कप ठेवून खाली येते, देवापुढे हात जोडते. ज्यांची नावं माहीत नाहीत, गावं माहीत नाहीत, त्यांच्यासाठी काय मागायचं ते नीट सुचत नाही. डोळे मिटले की एक गार खोली दिसते, आत कुणाचा तरी नवरा पोती हलवतोय. त्याचे डोळे चुरचुरतात. तो हातातलं पोतं खाली ठेवतो, दार जरासं उघडून कान देतो. मग पुन्हा पोतं उचलतो.