नसलेला क्लच

दवाखान्यातून सुट्टी होऊन अर्धा तास झाला नसेल, तोच मी ऑपरेशन झालेल्या पायानं क्लच दाबला. गाडी माझी नव्हती, स्टेअरिंगवर मी नव्हतो, आणि मी बसलो होतो तिथे क्लचही नव्हता. बुलडाण्याहून वडनेरला येताना राजूर घाट लागला. एका वळणावर गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचांनी त्यांच्या व्हॅनचा गिअर बदलायला जरा उशीर केला, आणि एसटी चालवण्याची बावीस वर्षं माझ्या डाव्या पायात उतरली. प्लास्टरसकट टाच पत्र्यावर आदळली. माझ्या तोंडून निघालेला आवाज हॉर्नसारखा होता, असं बायको अजून सांगते.

"डायव्हर साहेब, क्लच माह्यापाशी आहे," चाचा म्हणाले. "तुम्ही गपगुमान बसा."

"त्याइले मांगं पाय लांबवून बसवा म्हनलं होतं मी," मागच्या सीटवरून बायको.

म्हणाली होती खरं. पण ड्रायव्हर माणूस मागे बसत नाही.

हाड मोडण्यातही काही पराक्रम नव्हता. डेपोत उभ्या असलेल्या गाडीतून उतरताना पायरी चुकली आणि टाच फुटली. बावीस वर्षांत कुणाला साधा धक्का लागू दिला नाही, आणि पडलो तो उभ्या गाडीतून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागे. तिसऱ्या दिवसापासून मी सांगताना गाडी थोडी चालती करू लागलो.

टाचेत स्क्रू बसवल्यावर मी डॉक्टरांना एकच विचारलं होतं, पुन्हा गाडी चालवता येईल ना? ते म्हणाले, आधी चालायला तर लागा. त्या 'आधी'वर मी दिवस काढत राहिलो.

दीड महिना पाय टेकवायचाच नव्हता. मग वॉकर आला. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, डावा पाय वजनकाट्यावर ठेवून दहा किलोपर्यंतच भार द्यायचा, मग हळूहळू वाढवायचा. बायकोनं अंगणवाडीतला काटा मागून आणला. गावातल्या गरोदर बाया ज्याच्यावर उभ्या राहतात, त्याच्यावर माझा एकटा पाय. पहिल्या दिवशी सहा किलोवरच मला घाम फुटला.

चालणं त्याहून वाईट. ओसरीपासून न्हाणीपर्यंत जायचं एवढंच. पण वॉकर धरून मी उभा राही आणि हलत नसे. घरातल्याच फरशीची भीती वाटे. एका सकाळी बायकोनं स्वयंपाकघरातून चमच्यानं गिलासावर दोनदा वाजवलं. टण टण. कंडक्टरनं डबल बेल दिली की गाडी काढायची, हे अंगात इतकं मुरलेलं की पाऊल आपोआप पडलं. मग रोजचंच झालं. न्हाणीपाशी ती एकच बेल देई, की मी थांबे.

"सरकारी गाडी आहे," ती चाचांना म्हणाली. "बेलशिवाय हालत नाही."

चाचा हसले, मीही हसलो. पण ती शेतात गेली की घर फार मोठं वाटायचं. मग मी पलंगाखालून एक फळी काढून भिंतीला तिरपी लावायचो, खुर्चीत बसायचो आणि क्लच समजून डाव्या पायानं दाबायचो. चालणं सुधारत होतं. वॉकर जाऊन काठी आली. फळीवर मात्र पाय होता तिथंच होता. आमच्या जुन्या गाड्यांचा क्लच पार तळापर्यंत दाबावा लागतो, आणि माझा घोटा अर्ध्यावरच अडायचा. ती यायच्या आधी फळी पुन्हा पलंगाखाली. एक दिवस काढली, तर तिच्यावर पोतं गुंडाळून सुतळीनं आवळून बांधलेलं. पायाला रुतू नये म्हणून. गाठ बायकोच्या हातची होती.

चौथ्या महिन्यात आम्ही दोघं तपासणीला बुलडाण्याला गेलो. डॉक्टरांनी पाय वर-खाली करून पाहिला. म्हणाले, चालणं छान झालंय, पण मोठ्या गाडीचा क्लच नाही जमायचा, डेपोत दुसरं काम मागा.

"कधीच नाही?"

"मी तरी तसं लिहून देणार नाही."

मी 'बरं' म्हणालो. जणू त्यांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली होती.

परत एसटीनं निघालो. पहिल्याच बाकावर जागा मिळाली. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, ते एक बरं झालं. घाट सुरू झाला. वळणावर तो गिअर उशिरा टाकतोय हे मला कळत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं. डावा पाय चपलेत पडून होता, कुणी गाडीत विसरलेल्या पिशवीसारखा. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वडनेरला बायको आधी उतरली आणि पायरीखाली हात पुढे करून उभी राहिली.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला. मग माझ्यासमोर कप ठेवत ती म्हणाली, "घाटात तुमच्या पायाकडंच पाहून राह्यली होती मी. एकदाही नाही हालला."

मी कप उचलला.

"मंग तुमच्याबदली मीच क्लच दाबत आली, पार खालपर्यंत," ती म्हणाली. "आता पिंढरी दुखून राह्यली माही."