काय ऐकलंत, सांगा

काचीगुड्यातल्या आमच्या खासगी रुग्णालयात नरसिंगराव नावाच्या रुग्णाचं हर्नियाचं ऑपरेशन एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता तिसऱ्यांदा रद्द झालं. उदारीकरणाची सुरुवातीची वर्षं होती. इमारतीवर नवा मजला चढला होता, प्रत्येक टेबलावर इंटरकॉम आला होता. मी तिथे लॅब टेक्निशियन होतो. सुमनताई हेड सिस्टर होत्या.

कोणालाही काही सांगितलं की सुमनताई तिथेच थांबत आणि विचारत, "काय ऐकलंत, सांगा." मी फोनवर रिपोर्ट दिला तर त्या तो आकडा न् आकडा परत म्हणून दाखवत. चहावाल्यालाही सुटका नव्हती. "दो कम शक्कर, एक बगैर दूध. क्या सुने, बोलो." तो रोज चिडायचा. चहा मात्र कधी चुकला नाही.

दोन माणसांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. सर्जन डॉ. कुलकर्णी आणि भूल देणारे डॉ. राव हे रुग्णालयाचे भागीदार. नव्या पाटीवर कोणाचं नाव वर लावायचं, यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. ऑपरेशनच्या वेळा ते चिठ्ठीवर लिहून सुमनताईंच्या हाती देत. चिठ्ठी उशिरा पोचल्याने नरसिंगरावांचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं. ते मलकपेठच्या बाजारात पोती उचलत. दोन महिने त्यांचं काम बंद होतं. दुसऱ्या खेपेनंतर सुमनताईंनी चिठ्ठ्या नेणं थांबवलं.

मंगळवारचं ऑपरेशन मुळात संध्याकाळी ठरलं होतं. डॉ. कुलकर्णींना संध्याकाळी बाहेरगावी जायचं निघालं, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सकाळची वेळ चिठ्ठीवर लिहिली. सुमनताईंनी ती घडी न उघडता परत केली. म्हणाल्या, "एकच जिना आहे, साहेब. वर जाऊन डॉ. रावांना तोंडानं सांगा की." डॉक्टर चिठ्ठी काउंटरवर ठेवून घरी गेले. ऑपरेशन संध्याकाळीच आहे असं धरून सकाळी सातला सुमनताईंनी नरसिंगरावांना इडली दिली. साडेनऊला डॉ. कुलकर्णी तयार होते, पण भरल्या पोटी भूल देता येत नव्हती आणि डॉ. राव दुसऱ्या रुग्णालयात होते.

नरसिंगराव म्हणाले, "दो बार भुक्का रखके भेजे, आज खिलाके भेजरैं. आना कैसा, बोलो अम्मा."

बुधवारी सुमनताईंनी दोन्ही डॉक्टरांना नरसिंगरावांच्या खाटेपाशी बोलावलं आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. डॉ. कुलकर्णी भिंतीकडे पाहून म्हणाले, "शुक्रवारी सकाळी नऊ."

"काय ऐकलंत, सांगा."

डॉ. राव फाइलकडे पाहून म्हणाले, "फ्रायडे, नाइन."

"आणि तुम्ही?"

"जुम्मे कू नौ बजे," नरसिंगराव म्हणाले. "भुक्का पेट."

शुक्रवारी नऊ वाजता ऑपरेशन झालं.

त्याआधीच ऑफिसने मंगळवारच्या प्रकाराबद्दल तिघांकडून लेखी खुलासा मागवला होता. दोन्ही डॉक्टरांनी लिहिलं, की आपल्याला कळवण्यात आलं नाही. सुमनताईंनी लिहिलं, "चिठ्ठी माझ्या हातात आली होती. मी ती न उघडता परत केली. नाश्ता मीच दिला." 'न उघडता' एवढं तरी खोडा, असं मी त्यांना सुचवलं. त्या म्हणाल्या, "खोडायचं तर मग डॉक्टरांचे दोनच कागद पुरे होते."

मेमो फक्त त्यांना मिळाला. महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या सोमवारी काउंटरवर चिठ्ठ्यांसाठी प्लास्टिकचा ट्रे ठेवण्यात आला.