पेंटर घाडींचे गुरुवारचे फ्लेमिंगो

लालबागच्या मार्केटमागे, आमच्या चाळीच्या तोंडाशी, एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी आठच्या आत बातम्या लिहिल्या जातात. हातात मोबाइल असलेली माणसं त्या फळ्यासमोर थांबतात, मोबाइलवर काल वाचलेली बातमी पुन्हा वाचतात आणि मगच ती खरी धरतात. याचं श्रेय अक्षराला आहे. अक्षर जयवंत घाडींचं.

घाडी म्हणजे पेंटर. परळपासून भायखळ्यापर्यंत दुकानांच्या पाट्या त्यांनी तीस वर्षं रंगवल्या. मग फ्लेक्स आला. शेवटपर्यंत टिकलेला एक चपलांचा दुकानदारही एके दिवशी "पेंटर, रागावू नका हां," म्हणून फ्लेक्सकडे गेला. घाडी रागावले नाहीत. घरी आले, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, ते पाच महिने. 'पेंटर सध्या आराम करतायत,' असं चाळीत म्हटलं जाई.

पाच महिने वाट पाहून त्यांच्या पत्नीने, म्हणजे देवगडच्या कमलवहिनींनी, एका गुरुवारी त्यांना उठवलं आणि शिवडीच्या दवाखान्यात नेलं. दर गुरुवारी मनाचे डॉक्टर लालबागच्या दवाखान्यातही बसतात आणि तो चाळीपासून चार मिनिटांवर आहे. पण त्या चार मिनिटांत चौपन्न बिऱ्हाडांच्या गॅलऱ्या लागतात. शिवडीत कोण बघतंय?

"लोकांका काय सांगायचा?" घाडींनी विचारलं. पाच महिन्यांतलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य.

"पक्षी बघूक जातत म्हणान सांगतंय. शिवडीक दुसरा आसा काय?"

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, रोज हाताला एक ठरलेलं काम द्या. फळा तेव्हा तीन वर्षं कोराच होता. आधी लिहिणारे गृहस्थ वारल्यापासून त्यावर फक्त 'येथे थुंकू नये' एवढी एकच बातमी होती. घाडींनी खडू घेतला. बातमीखाली नाव हवंच, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा, चूक झाली तर खुलासा दुसऱ्या दिवशी त्याच जागी, लाल खडूने. पेंटर गुरुवारी शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला लागले आणि रोज फळा लिहायला लागले, या दोन गोष्टींचा संबंध आठ वर्षांत कोणी लावला नाही.

उलट त्यांचा सत्कार झाला. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्यांना 'पक्षिमित्र' केलं. शाल मंडळाचे चिटणीस बुधाजी गावकर यांच्या हस्ते दिली गेली. बुधाजींची ओळख इथेच करून देतो. मंडळाच्या कार्यालयाला कुलूप लावलं की ते कुलूप ओढून बघतात, चार पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. असं पाच-सहा वेळा. पाऊस असला तर आठ. अकरा वर्षं चाळ हे पाहतेय आणि बुधाजींसारखा जबाबदार माणूस गिरणगावात दुसरा नाही, असं तिचं मत आहे.

सत्काराच्या वेळी बुधाजींनी सहज विचारलं होतं, "पेंटर, फ्लेमिंगो मे महिन्यात जातात म्हणे. तुम्ही तर ऑगस्टमध्येही जाता."

"काही मागे राहतात," घाडी म्हणाले.

"कोण?"

"आजारी असतात ते."

बुधाजींनी मान डोलावली आणि माईकचं बटण बंद झालंय का ते तीनदा पाहिलं.

गेल्या मार्चमध्ये वरून परिपत्रक आलं. मनाच्या उपचारांसाठी रुग्णाने आपल्याच वस्तीतल्या दवाखान्यात जावं, पत्त्याचा पुरावा दाखवावा, आणि ज्या दवाखान्यात महिनाअखेरपर्यंत पंचवीस स्थानिक रुग्णांची नोंद नसेल तिथला गुरुवार बंद. परिपत्रक घेऊन दीपिका फळ्यापाशी आली. दीपिका शेजारच्या चाळीतली. घाडींचे कॅरमचे जोडीदार, बेस्टचे निवृत्त कंडक्टर राजरत्न, यांची मुलगी. लालबागच्या दवाखान्यात ती समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टरांच्या आधी आणि डॉक्टरांनंतर माणसांचं ऐकून घेणं हे तिचं काम.

"काका, हे फळ्यावर घ्या. आपला गुरुवार जाणार."

"का? गर्दी तर असते की तिथे. बाकं बाहेर लागतात."

"दोनशे बारा पेशंट आहेत. गिरगाव, दादर, माटुंगा. एक आजी तर डोंबिवलीहून येतात. आणि लालबागचे दोन. त्यातला एक दाढ दुखते म्हणून आला होता, चुकून आमच्या रांगेत बसला. डॉक्टर ऐकून घेतायत म्हटल्यावर अर्धा तास बोलला."

"म्हणजे लालबागमध्ये कोणाला काही नाही?"

"लालबागच्या कोणालाच लालबागमध्ये काही नाही, काका. लालबागचे कुठे जातात, मला काय माहीत?"

घाडींनी खडूचं टोक घासून घेतलं आणि मान वर केली नाही.

बातमी ठळक लागली. चाळ खवळली. रविवारी मंडळाच्या कार्यालयात सभा झाली, साठ माणसं जमली. बुधाजींनी भाषण केलं. आपल्या हक्काची सुविधा कोणी हिरावून नेत असेल तर लालबाग गप्प बसणार नाही, मोर्चा काढू, आमरण उपोषणाला बसू. ठराव एकमताने मंजूर झाला. मग दीपिका उठली आणि म्हणाली, "मोर्चा नको. पंचवीस जणांनी गुरुवारी येऊन नाव नोंदवलं की झालं. कोण कोण येतंय?"

कार्यालयातला पंखा किती आवाज करतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"आमच्यात तसं कोणी नाही," बुधाजी म्हणाले. "पण सुविधा पाहिजे."

"चौथ्या मजल्यावरच्यांना विचारा," तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले. चौथ्या मजल्यावरच्यांनी तळमजल्याकडे बोट दाखवलं. कोणीतरी सुचवलं, बाहेरून पंचवीस माणसं आणू. दीपिका म्हणाली, बाहेरची दोनशे दहा आधीच आहेत. सभा चहानंतर संपली. बुधाजींनी कुलूप सहा वेळा ओढलं.

पुढच्या गुरुवारी घाडी नेहमीप्रमाणे गळ्यात दुर्बीण अडकवून शिवडीला गेले. खिडकीवरच्या बाईंनी आधार कार्ड पाहून परत सरकवलं. "काका, पत्ता लालबागचा. आता तुमच्या एरियात जायचं. नवीन रूल आहे."

"आठ वर्षं येतोय हो."

"माहितीये ना. मलाही वाईट वाटतंय. पण कॉम्प्युटर घेत नाही."

घाडी वळले, तर रांगेत मागे, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून, राजरत्न.

"राजा, तू इथे?"

"पासपोर्ट," राजरत्न म्हणाले. सहा वर्षं ते दर गुरुवारी पासपोर्टच्या कामाला जातात, असं त्यांच्या घरी माहीत होतं.

"दवाखान्यात?"

"तुझे फ्लेमिंगो दवाखान्यात उतरतात, तर माझ्या पासपोर्टने काय घोडं मारलंय?"

राजरत्न यांचाही पत्ता कॉम्प्युटरने घेतला नाही. दोघं बस स्टॉपवर येऊन बसले. एक बस गेली. दुसरी गेली.

"तुला काय होतं रे?" घाडींनी विचारलं.

"रिटायर झाल्यापासून छातीत डबल बेल वाजते. आणि गाडी सुटतच नाही. स्टॉपलाच उभी."

"मग आपल्या दवाखान्यात का नाही गेलास? दीपिका आहे तिथे."

"म्हणून तर, यार. पोरगी दिवसभर लोकांना सांगते, लाजू नका, लाजू नका. आणि घरात बाप बसलाय लाजत. कुठल्या तोंडाने सांगू तिला?" राजरत्न यांनी पेपरची घडी घातली. "तुझ्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?"

"बारा."

"माझ्या आठ."

घाडी त्या रात्री जेवले नाहीत. गोळ्या थांबल्या तर भिंत पुन्हा कशी जवळ येते हे त्यांना माहीत होतं. एकदा परस्पर बंद करून पाहिल्या होत्या, तेव्हा फळा तीन आठवडे कोरा राहिला आणि चाळीने 'पेंटर गावी गेलेत' असं ठरवून टाकलं होतं.

महिन्याचा शेवटचा गुरुवार उजाडला. आठच्या आत फळा लिहून झाला होता. नेहमीच्याच वळणदार अक्षरात:

*जयवंत घाडी (खोली १७) हे आठ वर्षं मनाच्या आजारावर गोळ्या घेत आहेत. गोळ्यांमुळे बरे आहेत. आज नऊ वाजता ते आपल्याच दवाखान्यात नाव नोंदवतील. पंचवीस हवेत, सध्या दोन आहेत, पैकी एकाची दाढ. आजचा शेवटचा दिवस. ज. घाडी.*

आणि खाली लाल खडूने: *खुलासा: श्री. घाडी यांनी आजवर एकही फ्लेमिंगो पाहिलेला नाही.*

कमलवहिनी पाणी भरायचं सोडून खाली आल्या, दोनदा वाचलं. "ह्या शेवटचा कशाक लिवलात?"

"चूक असली तर खुलासा द्यायचा. नियम आहे."

"मगे माझा पण नाव घाला. पक्षी माझे होते."

घाडींनी 'सौ. कमल घाडी यांच्या सूचनेवरून' असं जोडलं.

फळ्यासमोर गर्दी झाली. आजाराबद्दल कोणी फारसं बोललं नाही. संताप होता तो फ्लेमिंगोंचा. "आठ वर्षं आम्ही पाहुण्यांना सांगतोय, आमच्या चाळीत पक्षिमित्र आहेत म्हणून!" एकाने शालीचा प्रश्न काढला. बुधाजी म्हणाले, "शालीचं नंतर बघू," आणि कार्यालयाकडे गेले.

नऊला दवाखान्याच्या बाकावर घाडी एकटे होते. दीपिकाने नाव लिहिलं. तीन. सव्वानऊला राजरत्न आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात आधार कार्ड.

दीपिकाने मान वर केली. "बाबा? पासपोर्ट?"

"पासपोर्ट वगैरे काही नाही."

"मला वाटलंच होतं. सहा वर्षं कोणाचा पासपोर्ट लागतो?" ती वहीत बघत म्हणाली. "पत्त्याचा पुरावा आणलाय?"

"घरचा पत्ता तुला माहीत नाही?"

"रूल आहे, बाबा." तिने कार्ड घेतलं, नंबर उतरवला. उतरवायला जरा वेळ लागला. चार.

मग पंधरा मिनिटं कोणी नाही. त्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या एक बाई आल्या. "पेंटरना सोबत म्हणून आलेय." मग तळमजल्यावरचे दोघे भाऊ, सोबत म्हणून. मग तिसऱ्या मजल्यावरचे, चौथ्या मजल्यावरच्यांनी काय केलंय ते बघायला. अकरापर्यंत घाडींना सोबत करणारे एवढे झाले की आजारी एक आणि बारशाला आल्यासारखे बाकीचे. दीपिका प्रत्येकाला विचारत होती, "आलाच आहात, तर डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलता?" आणि प्रत्येक जण "मला काही नाही हां, पण आलोच आहे तर," म्हणून आत जात होता. दोन मिनिटांत कोणीच बाहेर आलं नाही. डॉक्टरांनी जेवणाची सुट्टी दोनदा पुढे ढकलली.

पावणेदोनला वहीत चोवीस झाले. दोनला खिडकी बंद. बाहेर कोणी नव्हतं. दीपिका दारात उभी राहून घड्याळ बघत होती. कमलवहिनींनी विचारलं, "माझा नाव घेतलास?" दीपिका म्हणाली, "घेतलंय मावशी, तेविसावं."

दोनला आठ कमी असताना बुधाजी आले. घामाघूम झालेले. दहाला निघाले होते, म्हणाले, पण कार्यालयाच्या कुलपाची काही खात्री होईना.

"मी चिटणीस म्हणून आलोय," ते म्हणाले. "पेंटरची काळजी कशी घ्यायची, हे मंडळातर्फे विचारून घेतो. माझं काही नाही."

"विचारा ना," दीपिका म्हणाली आणि दार उघडून दिलं.

बुधाजी आत गेले. दोन वाजले. इथल्या खिडकीवरच्या बाईंनी खिडकी बंद करायला हात उचलला आणि दीपिकाकडे बघून तो तसाच डोक्यावरून फिरवला, जणू केसच नीट करायचे होते. सव्वादोन झाले. तीनला वीस कमी झाले. आतून बुधाजींचा आवाज येत होता, सभेतला नव्हे, हलका, मध्येच थांबणारा.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. घाडी बाकावरून उठले.

"काय म्हणाले माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल?" बुधाजींना आठवावं लागलं. "तुझं बरं आहे म्हणाले."

"मग एवढा वेळ?"

"कुलपाबद्दल विचारत होते. आपल्या कार्यालयाच्या." बुधाजींनी रुमाल काढला. "त्यांनाही माहीत होतं रे. म्हणजे, असं असतं म्हणे लोकांना. याला नाव आहे."

"मग?"

"पुढच्या गुरुवारी बोलावलंय." त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "तुझ्यासाठी."

"हो, माझ्यासाठीच," घाडी म्हणाले. "मी येईन सोबत."

दीपिकाने वही पुढे सरकवली. बुधाजींनी पूर्ण नाव लिहिलं, खोली एकतीस, लालबाग, खाली सही. पंचवीस. पेन ठेवलं, चार पावलं गेले, परत आले आणि वहीत वाकून नाव आहे ना ते पाहिलं. पुन्हा गेले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा दीपिकाने वही मिटली नव्हती.

"आहे हो, काका," ती म्हणाली.