जानेवारीतली हिल्का

हिल्का राउतियो आमच्या कूसियोकीच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती आणि मी, औलिस, त्याच शाळेची देखभाल करत होतो. बॉयलर, तुंबलेले नळ, पायऱ्यांवरचं बर्फ, सगळं माझ्याकडे. आता दोघंही निवृत्त आहोत. तिच्यावर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण गावात तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं अर्धं खोटं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात मी स्वतः वाईट दिसतो. ते मीच सांगितलेलं बरं.

आमचा बर्फावरच्या हॉकीचा संघ म्हणजे आहमा. दुसऱ्या दर्जाच्या साखळीतला, धड वर चढत नाही, धड खाली पडत नाही. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, एका टोकाला उभं राहून बघायची गॅलरी आहे, तिथे आम्ही समर्थक मंडळाचे लोक. जागांना नंबर नाहीत, पण कुणाची जागा कुठली हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुढच्या कठड्यापाशी अगदी मधली जागा हिल्काची. एकोणतीस वर्षं. तिच्या डाव्या हाताला मी.

ह्या जानेवारीत आमच्या संघाला काय झालं होतं ते देवच जाणे. पहिल्या शनिवारी गुणतक्त्यात सगळ्यात वर असलेल्या संघाला सात-एक असं लोळवलं. मंगळवारी सगळ्यात खालच्या संघाकडून शून्य-सहा मार खाल्ला. पुढच्या शनिवारी चार-तीन जिंकलो, तेही शेवटचं मिनिट उरलेलं असताना. आणि मंगळवारी शून्य-सात, आमच्याच बर्फावर, आमच्याच डोळ्यांदेखत. प्रशिक्षक रेडिओवर दर वेळी म्हणायचा, "पोरं मेहनत घेताहेत." जिंकल्यावरही तेच आणि हरल्यावरही तेच. ऐकून डोक्यात तिडीक जायची.

हिल्काला मात्र ह्यात नवल वाटत नव्हतं. ती म्हणायची, "एकतीस वर्षं दर गुरुवारी वाटाण्याचं सूप केलं. तेच वाटाणे, तेच पातेलं, तोच हात. तरी कधी खाली लागायचं, कधी पाणचट व्हायचं. का ते मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून मुलं शुक्रवारी जेवायला यायची थांबली का?"

"मुलांना दुसरीकडे जेवायला जायची सोय नव्हती, हिल्का."

"तुला तरी दुसरा संघ आहे का?" ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

ह्या संघातली निम्मी पोरं तिच्या हातचं सूप खाऊन मोठी झाली आहेत हेही इथं सांगायला हवं. कप्तान ओसी तर तिसरीत असताना वाटाणे खिशात भरून बाहेर फेकून द्यायचा. ती अजून त्याला गॅलरीतून ओरडून त्याची आठवण करून देते.

तर शून्य-सातच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मंडळाच्या तळ्याकाठच्या झोपडीत सौना होती. दर बुधवारी असते. पाच ते साडेसहा पुरुषांची वेळ, साडेसहानंतर बायकांची. सौनात आमच्याकडे भांडत नाहीत. लाकडी फळ्यांवर उघडं बसायचं, तापल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफेत गप्प राहायचं. हा लिहिलेला नियम नाही, लहानपणापासून अंगात मुरलेला आहे. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते भांडण नव्हतं. एकमत होतं, आणि तेच वाईट झालं.

सुरुवात वेयोनं केली. वेयो हिल्काचा धाकटा भाऊ आणि मंडळाचा अध्यक्ष. तो वरच्या फळीवर बसला होता, लालबुंद, आणि हातात त्याचं हंगामाचं कार्ड, सगळ्या सामन्यांना आत सोडणारं. सौनात कार्ड घेऊन कोण येतं? पण तो आला होता. "सहा हंगाम मी ह्यांच्यासाठी घसा फोडला," तो म्हणाला आणि त्यानं ते कार्ड सरळ दगडांवर टाकलं. ते प्लास्टिकचं असतं हे रागाच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचा जो धूर झाला, जो वास सुटला! आम्ही खोकत खोकत, डोळे पुसत ठरवलं की बस झालं. शनिवारी पहिली वीस मिनिटं गॅलरी रिकामी ठेवायची. ढोल-झेंडे कुलपात. पोरांना रिकाम्या पायऱ्या बघू देत. जो कुणी आत जाईल त्याची कठड्याची जागा गेली. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. राग मलाही आला होता, आणि खरं सांगायचं तर मला धुरातून बाहेर पडायचं होतं.

शनिवारी पाच वाजता रौतानिएमीशी सामना. आम्ही पस्तीसेक जण गॅलरीबाहेरच्या पडवीत, कॉफीच्या खिडकीपाशी, मोहरीची चटणी लावलेले सॉसेज खात उभे. सगळे एकमेकांकडे बघणं टाळत होते. तेवढ्यात हिल्का आली. गळ्यात मफलर, एका हातात ओगराळं, दुसऱ्या हातात शाळेच्या मोठ्या पातेल्याचं झाकण. मोठं, पाटाएवढं.

"थांब," वेयो आडवा आला. "ठराव झालाय, हिल्का."

"कसला?"

"पहिली वीस मिनिटं आत कुणी जायचं नाही. जो जाईल त्याची जागा गेली. पोरांना कळू दे एकदा."

"कधी झाला हा ठराव?"

"बुधवारी."

"कुठे?"

"सौनात."

"किती वाजता?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सहाच्या सुमाराला."

"सहाला तुमची वेळ," हिल्का म्हणाली. "म्हणजे ठराव पुरुषांचा. साडेसहाला मी आणि आउने आत गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई ती, तुमचं जळकं प्लास्टिक हुंगत बसली. मी अर्धा तास दगड खरवडत होते. मग आम्हीही ठराव केला. मी यायचं, आणि दोघींच्या वाटचा आवाज करायचा. दोन विरुद्ध शून्य."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"मी लावलाय? तुमचा कागद दाखव. सह्या दाखव."

"सौनात कागद कोण नेतं, बाई!"

"कार्ड नेता येतं, कागद नाही नेता येत?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हिल्काला अजून काहीतरी सुचलं होतं. तिनं भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पण काय रे, तुझं कार्ड तर शिजलं. मग तू बाहेरच्या फाटकातून आत आलास कसा?"

वेयोचे कान लाल झाले. "तिकीट काढलं."

"म्हणजे तू पैसे देऊन आलास. न बघायला."

आता सगळेच हसले, आणि त्यानं वेयो जास्तच चिडला. "हस, हस," तो म्हणाला. "पण ते दार उघडलंस तर ती मधली जागा तुझी राहणार नाही. बहीण असलीस म्हणून काय झालं? सगळ्यांना एकच न्याय."

मला वाटलं ती थांबेल. ती जागा म्हणजे तिचं काय होतं हे मला माहीत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांना तिनं पहिला प्रश्न विचारला होता की, कठड्याला टेकून किती वेळ उभं राहता येईल. ती क्षणभर थांबलीही. मग तिनं खांद्यानं दार ढकललं आणि आत गेली.

दाराला वर काचेचा एक चौकोन आहे. त्यातून आम्ही आळीपाळीनं बघत होतो. बर्फावर आमची पोरं, समोर रिकाम्या पायऱ्या, आणि मधोमध एक बाई झाकण बडवतेय. ओसीनं वर बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि तेवढ्यात त्याच्या काठीवरून चकती निसटून रौतानिएमीच्या पोराकडे गेली. शून्य-एक. झाकण वाजतच होतं. सहाव्या मिनिटाला शून्य-दोन. तिसरा गोल तर मैदानाच्या अर्ध्यातून आला. आमच्या गोलीनं हात असा वर केला, जसा कुणी ओळखीच्या माणसाला करावा, आणि चकती त्याच्या पायांमधून आत. पडवीत कुणीतरी म्हणालं, "बघा, ही आपली पोरं."

आणि आतून ढण, ढण, ढण. शून्य-तीनलाही तसंच. मला त्या काचेपाशी उभं राहून लाज वाटली. सॉसेज अर्धा हातातच राहिला. तिच्या डाव्या बाजूची जागा रिकामी दिसत होती. ती माझी जागा होती.

वीस मिनिटं संपली, मधली सुट्टी झाली. ठरावाप्रमाणे आता आम्ही आत जायचं. पण वेयोनं हात आडवा धरला. "शून्य-तीन झालंय. ह्यांच्यासाठी आत जायचं? मी म्हणतो, आज सबंध सामना बाहेर. कोण आहे माझ्याबरोबर?"

हात वर जायला लागले तेवढ्यात दार उघडलं आणि हिल्का कॉफी घ्यायला बाहेर आली. घामेघूम, आवाज पार बसलेला. तिनं वर गेलेले हात बघितले आणि तिला सगळं कळलं.

"सात-एक जिंकलो तेव्हा कुठे होता रे तुमचा ठराव?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तेव्हा कुणी म्हणालं का, की आज आपण लायकीपेक्षा जास्त मिळवलं, पुढच्या वेळी जरा बेतानं ओरडू? त्या दिवशी वेयो, तू झेंडा अंगाला गुंडाळून गाडीच्या टपावर चढला होतास."

"ते वेगळं."

"काय वेगळं? पोरं तीच. सप्टेंबरात सगळेच येतात, तेव्हा अजून कुणी हरलेलं नसतं. मार्चमध्ये सगळे येतात, तेव्हा काहीतरी मिळायचं असतं. जानेवारीत कोण येतं? बाहेर अंधार, उणे चोवीस, आणि आज आपण कसे खेळू हे त्या पोरांना स्वतःलाच ठाऊक नाही. आत्ताच तर माणूस हवं तिथं. नाहीतर मग आपण आहोत तरी कशाला?"

तिनं कॉफी उभ्या उभ्या तीन घोटांत संपवली आणि परत आत गेली. वेयो म्हणाला, "ती अशीच आहे. लक्ष देऊ नका." आणि हात पुन्हा वर गेले. माझा नाही गेला. मी काही शूरपणा केला असं समजू नका. मी नुसता तिच्या मागोमाग दारातून आत सरकलो, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "औलिसची पण जागा गेली."

मी तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तो सॉसेज संपव आधी," ती म्हणाली. "भरल्या तोंडानं ओरडता येत नाही."

सामना आम्ही एक-पाच हरलो. जो एक गोल झाला तो ओसीचा, तोही त्यांच्याच एका पोराच्या बुटाला लागून आत गेलेला. आम्ही दोघांनी त्यावर एवढा गोंधळ घातला की पंचानं वळून बघितलं.

आता आमच्याकडे रीत अशी आहे की, सामना संपला की संघ गॅलरीसमोर येतो, ओळीत उभा राहतो आणि काठ्या वर करून लोकांचे आभार मानतो. जिंको वा हरो. पण त्या दिवशी पोरं माना खाली घालून सरळ कपडे बदलायच्या खोलीकडे निघाली. आभार मानायचे कुणाचे? दोन म्हाताऱ्यांचे? हिल्का कठड्यावरून पुढे वाकली आणि बर्फाभोवतीच्या काचेवर मुठी आपटायला लागली. झाकणानं नाही, हातांनी. "ओसी! इकडे! सगळे इकडे या!"

ओसी थांबला. मग एकेक करून सगळे आले आणि समोर ओळीत उभे राहिले. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एवढीशी तर पोरं.

"माफ कर, हिल्कामावशी," ओसी म्हणाला. "आज काही म्हणता काही जमलं नाही."

"ते मी बघितलं. डोळे शाबूत आहेत माझे. मंगळवारी किती वाजता?"

"साडेसहाला."

"मग काठी वर कर."

त्यानं काठी वर केली. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी केल्या. आमच्या दोघांसमोर बावीस काठ्या. मी रडलो असं गावात सांगतात. खरं आहे ते.

बाहेर पडताना पडवीत वेयो एकटाच उभा होता. बाकीचे गेले होते. त्याचा चेहरा उतरला होता, पण शब्द मागे घेणाऱ्यातला तो नाही. हे घराणंच तसलं.

"जागा गेली तुझी, हिल्का," तो म्हणाला.

"बरं," हिल्का म्हणाली. तिनं मफलर नीट गुंडाळला. "पण मंगळवारी साडेसहाला ती रिकामी दिसली, तर मी परत घेईन."

मंगळवारी सव्वासहालाच वेयो त्या मधल्या जागेवर येऊन उभा होता, पाय रोवून, जणू कुणी ओढून नेणार आहे त्याला. बहिणीला जागा परत मिळू द्यायची नाही म्हणूनच आला होता तो. तो आला म्हणून बाकीचे पस्तीस आले. हिल्का त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे माझ्या जागेवर. मी कुठे उभा होतो ते विचारू नका, खांबामागून निम्मं बर्फच दिसत नव्हतं. दोन-तीन असे हरलो आम्ही, शेवटच्या दोन मिनिटांत. वेयो शेवटपर्यंत तिथून हलला नाही.